तहकूब सभेला कोरम लागत नाही

सकाळी चारा टाकण्याआधी ते घंटा वाजवत. घंटा पितळेची होती, बंद पडलेल्या दूध सोसायटीतून आणलेली. हवेत ओल नसल्याने तिचा नाद आमच्या माळावर कोरडा, ठणठणीत वाजे आणि समोरच्या टेकडीला लागून तसाच परत येई. मग इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्याची वरची गुंडी लावून, काळी छत्री बगलेत सरकवून, समोर उभ्या असलेल्या भाकड गाई-म्हशी, लंगडे बैल आणि एक गाढव यांना उद्देशून ते विचारत, "सन्माननीय सभासद बंधूंनो आणि भगिनींनो, कोरम पुरा हाय का?" कोणीतरी हंबरे. "पुरा हाय," असे स्वतःच मंजूर करून ते कडब्याच्या पेंढ्या सोडू लागत.

आम्ही त्यांना 'सचिव' म्हणत असू. दूध सोसायटीचे सचिवपद त्यांनी उभी हयात सांभाळले होते. दुष्काळात दूध आटले, दुधामागून सोसायटी आटली, आणि सचिव तेवढे शिल्लक राहिले. संस्था नाही म्हणून सचिवाने सचिव असणे थांबवावे, हे त्यांना पटले नाही. ते सभासद शोधू लागले.

सभासद सडकेवर मिळत. त्या वर्षी लोक जनावराच्या गळ्यातले दावे सोडून घेत, कारण दावे पुन्हा कामाला येते, आणि जनावर तेवढे सोडून देत. युसूफ वडगावच्या अलीकडे, आमच्या गावच्या माळावर, चारा छावणी पडली होती. तिचा नियम असा की, ज्याचा मालक हजर त्याच जनावराला चारा. बेवारस जनावराच्या भुकेची तरतूद कोणी केलेली नव्हती. सचिवांनी नियमाला नावे ठेवली नाहीत. नियमावर त्यांचा फार जीव होता. ते मालक गोळा करायला निघाले. धडधाकट माणसे पाण्याच्या टँकरमागे धावत होती, म्हणून ते बसलेल्या माणसांकडे गेले.

आमच्या भागात 'बसणे' हे क्रियापद जपून वापरतात. पोटात काही नसलेले जनावर एके दिवशी बसते आणि मग त्याला आपले आपण उठता येत नाही. 'बैल बसला' एवढे म्हटले की ऐकणारा पुढचे विचारत नाही. चौघांनी धरून वारंवार पायांवर उभे केले तर काही उठतात, काही उठत नाहीत. हा शब्द माणसांना लावलेला मी प्रथम सचिवांच्या तोंडून ऐकला.

एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर होते, गावच्या पाटलांच्या भावकीतले. बायको गेल्यापासून ते रोज सकाळी स्टँडवर येऊन सिमेंटच्या बाकावर बसत आणि कुठल्याच गाडीत चढत नसत. कोणाशी बोलत नसत. खिशातला तिकिटाचा जुना चिमटा मात्र हातात चाळवत राहत. तेवढाच त्यांचा आवाज. आनसाबाई धनगरीण होती. दुष्काळाने तिची मेंढरे नेली, त्या दिवशी ती जी उंबऱ्यात बसली ती उठेना. तोंडाने मात्र आल्यागेल्याचा उद्धार चालू असे.

आणि मी होते. तालुक्याच्या कॉलेजात मराठी कविता शिकवत होते. त्या वर्षी माझी धाकटी बहीण गेली, आणि तिच्यामागोमाग सारे गंध निघून गेले. फोडणीत मोहरी तडतडलेली ऐकू येई, पण हिंग माझ्यापर्यंत पोचत नसे. तिची ओढणी नाकाशी धरली तर ती नुसते कापड असे. डॉक्टर म्हणाले, नाकात काही दोष नाही. तेवढे मलाही ठाऊक होते.

एका सकाळी सचिव दारात उभे राहिले. या म्हटले तरी आत आले नाहीत.

"बाई, तुमी बसलात असं कानावर आलं."

"कोण म्हणतं? रोज शिकवायला जाते की मी."

"जाता. पण बसूनच जाता." मग अगदी कामाच्या स्वरात म्हणाले, "एक गाढव हाय. मालक न्हाई. या."

"गाढव? मला गाढव कशाला?"

"कावून म्हंजी? कवितेवाल्याला बैल देऊन काय उपेग? बैलाला कामं असतेत."

मी हसले नाही. हसण्याजोगे आहे हे कळत होते, एवढेच. मी म्हणाले, "सचिव, माझ्यात आता काही उरलेलं नाही. वर्गात उभी राहते आणि पुढची ओळच येत नाही."

यावर त्यांनी सहानुभूती दाखवली नाही. ती त्यांना दाखवता येत नसे. चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि एखाद्या अडलेल्या सभासदाला कायदा समजावून द्यावा तसे म्हणाले, "म्हंजी कोरम न्हाई. त्याला काय घाबरायचं? सभा तहकूब करायची. अर्ध्या तासानं, ह्याच जागी, पुन्हा भरवायची. तहकूब सभेला कोरम लागत न्हाई."

ज्यांनी सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेची नोटीस वाचली आहे, त्यांना हे वाक्य पाठ असेल. पुरेसे सभासद जमले नाहीत तर सभा मोडत नाही. अर्धा तास थांबते आणि मग जेवढे असतील तेवढ्यांनिशी चालू होते. आमच्याकडच्या बहुतेक संस्था याच वाक्याच्या आधाराने पिढ्यान्पिढ्या चालत आल्या. या वाक्यावर माणूसही चालू शकतो, हे मात्र सचिवांशिवाय कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

गाढव वीटभट्टीवरून आलेले होते. त्याच्या पाठीवर ओझ्याने पडलेली जखम होती, डोळ्यांच्या कडांना विटांची तांबूस धूळ कायमची बसलेली होती. सचिव जनावरांना नावे ठेवत नसत, पदे देत. गाढव 'तज्ज्ञ संचालक' होते. सहकारात तज्ज्ञ संचालकाने फारसे बोलू नये अशी अपेक्षा असते, आणि तो बोलला की सभेचा नूर जातो. आमच्या संचालकांचेही तसेच होते. आनसाबाईच्या वाट्याला आलेली, दूध पार आटलेली म्हैस 'खजिनदार' होती. कंडक्टरांना मिळाला तो ऊसतोडीच्या गाडीला आयुष्यभर जुंपलेला एक पांढरा बैल. त्याच्या शिंगांवर जुन्या पोळ्याची बेगड अजून चमकत होती. तो 'उपाध्यक्ष'. पुढाकार कशातच नाही, पण त्याच्यावाचून सभा भरल्यासारखी वाटत नसे.

छावणीच्या नियमात गाढव बसत नव्हते. ते पशुधन नव्हे, असे पाहणीला आलेल्या साहेबांचे मत पडले. सचिवांनी वाद घातला नाही. "तज्ज्ञ संचालकांना मताचा हक्क न्हाई, पण सभेनंतरच्या अल्पोपाहाराला बसता येतं," असे सांगून त्यांनी खजिनदार म्हशीपुढचे उरलेले वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, गाढवापुढे सरकवले. आनसाबाई कडाडली, "माझ्या म्हशीच्या तोंडचं गाढवाला? सचिव, तुमच्या डोस्क्यात भुस्सा हाय का?"

"भुस्सा असता तर तो बी वाटला असता, आनसाबाई," सचिव म्हणाले.

रोज सकाळी मी संचालकांच्या पाठीला हळद आणि कडुलिंबाचे तेल लावी. कातडी बोटांखाली थरथरे. ते ओले, उष्ण थरथरणे तेवढे माझ्यापर्यंत पोचे. वास नाही.

सचिवांच्या पुष्कळ गोष्टी चमत्कारिक होत्या. ढग नसलेल्या आभाळाखाली ते छत्री घेऊन हिंडत आणि ती स्वतःवर कधीच धरत नसत. उन्हात बांधलेल्या एखाद्या वासरावर धरून उभे राहत. पण सर्वांत चमत्कारिक म्हणजे छावणीच्या आपल्या कोपऱ्यात ते जाड दोर येऊ देत नसत. गळ्यातले दावे चाले, कासरा चाले. दोर दिसला की ज्याचा असेल त्याला परत. बसलेले जनावर उठवायलाही त्यांनी गोणपाटाचा झोळ शिवून घेतला होता. तो पोटाखालून सरकवायचा, दोन्ही बाजूंना बांबू, आणि उचलायचे. लोक म्हणत, सचिवांना दोराची भीती वाटते.

एकदा झोळाला टाका घालता घालता त्यांनी मला कारण सांगितले. त्यांच्या वडिलांच्या पिढीपर्यंत गावातले मेलेले जनावर ओढून नेणे हे त्यांच्या घराकडे होते. मागितलेले काम नव्हे, वाट्याला घातलेले. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले त्या दिवशी वडिलांनी तो दोर अंगणात जाळला. "मी लहान होतो. केकताडाचा दोर, लवकर जळंना. लई धूर. आई म्हनली, डोळ्यात पाणी येतंय. बाप म्हनला, येऊ दे."

सचिवांनी पुढचा टाका घातला.

"आता माझा भाऊ माझ्याशी बोलत न्हाई. म्हंतो, बापानं सोडलं ते तू पुन्हा धरलंस. त्याला सांगितलं, बापानं मेलेलं वढायचं सोडलं. मी जितं उठवतो. फरक हाय." त्यांनी दाताने दोरा तोडला. "पण बाई, त्याच्यासाठी ह्या कोपऱ्यात एक बी जनावर मरता कामा न्हाई. मेलं, की समदे माझ्याकडं बघतेल. कोण काय बोलणार न्हाई. नुसते बघतेल."

पुढे पाऊस झाला, छावणी उठली, आणि सचिवांनी आपल्या वाट्याच्या खडकाळ माळावर पत्रे ठोकून ही बिननोंदणीची संस्था चालूच ठेवली. रान हिरवे झाल्यावर सडकेवर जनावरे सोडलेल्यांपैकी काहींना आपली जनावरे ओळखू येऊ लागली. ते गोड बोलत आले. सचिवांनी कोणाला जुने विचारले नाही. ते जनावराचे दावे सोडत आणि म्हणत, "सभासदाला राजीनाम्याचा हक्क हाय." जनावर चालू लागले तर राजीनामा मंजूर. खजिनदार म्हैस एकदाही मागे न पाहता जुन्या मालकामागून निघून गेली. आनसाबाईने तिच्या सात पिढ्या काढल्या, आणि दुसऱ्याच सकाळी हजर राहून विचारले, "दुसरं कोण बसलंय का?"

शहरातून मनाच्या आरोग्याचे काम करणारे लोक आले तेही त्या दिवसांत. जनावरांच्या सहवासाने माणसांना उभारी येते असे एक शास्त्र आहे, आणि सचिव ते राबवत आहेत, असे त्यांनी सचिवांना सांगितले. सचिव सावध झाले. पाहुण्यांनी हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रे काढून आनसाबाईपुढे धरली, आज कसे वाटते त्यावर बोट ठेवायला सांगितले. तिने विचारले, "ह्यातला तुमचा कंचा?"

"आमच्याकडं उपचार होत न्हाईत," सचिव हात जोडून म्हणाले. "जनावराला मालक लागतो, म्हणून माणसं ठिवलीत. माणसाचं काय होतं ते आमच्या विषयपत्रिकेवर न्हाई."

ते खरेच असे मानत होते की तसे म्हणत होते, हे मला आजवर ठरवता आलेले नाही. पाहुण्यांच्या जीपला वाट करून देताना कंडक्टर मोठ्याने ओरडले, "मागं येऊ द्या, येऊ द्या, बास!" पाहुण्यांपैकी कोणाला त्यात काही विशेष वाटले नाही. कंडक्टर एकेकाळी कोणाशीच बोलत नसत, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

पण सचिवांचे नाव निघाले की मला आठवते ती छावणीतलीच एक दुपार.

उन्हाळा सरत आला होता आणि उपाध्यक्ष बसले होते. आम्ही रोज झोळ घालत होतो. एका बांबूला कंडक्टर आणि मी, दुसऱ्याला आनसाबाई आणि जो सापडेल तो. कंडक्टर खिशातला चिमटा काढून बांबूवर दोनदा टकटक करीत, की उचलायचे. एकदा केली, की खाली. एसटीची घंटाच ती. त्या दोन टोल्यांनी बैलाचे पाय जमिनीला लागत, थरथरत, आणि क्षणभर तो स्वतःच्या वजनानिशी उभा राही. तेवढ्या क्षणात कंडक्टर त्याच्या कानाशी तोंड नेत. काय सांगत ते आम्ही ऐकले नाही, ऐकायचेही नव्हते.

त्या दुपारी दोन टोले झाले, आम्ही उचलले, आणि पाय जमिनीला लागलेच नाहीत. नुसते लोंबले. कंडक्टरांनी चिमटा पुन्हा वाजवला. मग पुन्हा. सचिव म्हणाले, "ठेवा खाली."

छावणीत बातमीला चालत यावे लागत नाही. थोड्याच वेळात माणसे भोवती उभी राहिली. आणि सचिवांनी सांगितले होते तसेच झाले. कोणी काही बोलले नाही. सारे त्यांच्याकडे पाहत राहिले.

अखेर एक वजनदार बागाईतदार पुढे आले. त्यांच्या खांद्यावर केकताडाचा, म्हणजे घायपाताच्या वाखाचा, जाड दोर होता. तो त्यांनी सचिवांच्या पायांपाशी टाकला, फेकला म्हणता येणार नाही इतक्या सभ्यपणे.

"सचिव, आता तुमीच बघा. वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्या लोकांना त्यातली माहितगारी असती."

सचिवांनी दोराकडे पाहिले. मला वाटले, ते ओरडतील. वाटले, ते वाकतील. दोन्हींपैकी काय पाहणे मला जड जाईल हे ठरवता येण्याआधी त्यांनी घंटा वाजवली.

"सभा सुरू करतो," ते म्हणाले. "विषय पैला. आपले उपाध्यक्ष आज दिवंगत झाले. कैलासवासी म्हनलं असतं, पण त्यांची संमती घ्यायची राहिली. सभा दुखवटा व्यक्त करते. विषय दुसरा. दिवंगतांना माळाच्या टोकाला, खड्ड्यापर्यंत नेणे. सूचक?"

माश्यांची गुणगुण तेवढी ऐकू येत होती.

"अनुमोदक?"

कोणाचे तरी पागोटे हलले, ते घाम पुसण्यासाठी.

"कोरम नसल्याकारणानं सभा तहकूब करण्यात येते. अर्ध्या तासानं. ह्याच जागी."

मग त्यांनी छत्री उघडली, मेलेल्या बैलाच्या तोंडावर धरली, आणि स्वतः उन्हात उभे राहिले.

तो अर्धा तास मला अजून त्वचेवर जाणवतो. उन्हाला आवाज असतो. खडक तापताना बारीक तडकतात. छत्रीची काळी सावली बैलाच्या मिटू न शकलेल्या डोळ्यावर पडली होती. जायला कोणाला बंदी नव्हती, आणि तरी एकालाही जाता येईना. तहकूब सभेतून उठून जाणे बरे दिसत नाही, एवढा सहकार सर्वांच्या अंगात मुरलेला होता.

बागाईतदारांनी घड्याळ पाहिले. "अहो, हे काय नाटक लावलंय?"

"गप रे मुडद्या," आनसाबाई म्हणाली. "सभा तहकूब हाय, कळत न्हाई का?"

सचिवांनी अखेर छत्री मिटली. "तहकूब सभा सुरू करतो. कोरम लागत न्हाई. विषय दुसरा. सूचक?"

"मी."

आवाज गंजलेल्या कडीसारखा होता. तो कोठून आला हे कळायला आम्हाला वेळ लागला. कंडक्टर उभे राहिले होते. गावच्या पाटलांच्या भावकीतले कंडक्टर. गर्दीत कोणीतरी खोकले, आणि तो खोकला तिथेच विरला.

"अन् आनुमोदक मी," आनसाबाई म्हणाली. "म्हंजी काय ते मला ठाव न्हाई. पर मीच."

मी झोळाची कड उचलली. सचिव काहीही न बोलता, सवयीने, दुसऱ्या बांबूकडे वाकले.

"अध्यक्षांनी हात लावायचा न्हाई," कंडक्टर म्हणाले.

"मी सचिव हाय."

"आज अध्यक्ष." त्यांनी सचिवांच्या हातातली पितळी घंटा काढून घेतली, ती आजवर सचिवांनी कोणाला हातात घेऊ दिली नव्हती. "अध्यक्षांनी निस्तं म्होरं चालायचं असतं. चला. पुढं सरका, पुढं सरका."

आणि त्यांनी डबल बेल दिली.

जिवंतपणी ज्या झोळात उठवत होतो, त्याच झोळात आम्ही उपाध्यक्षांना उचलले. बैल हाडांचाच उरला होता, तरी मरण जड असते. न सांगता आणखी काही हात बांबूंना लागले. सर्वांत शेवटी बागाईतदारांनीही एक बोट टेकवले. वजन घेतले नाही. सहकारात त्यालाही सहभागच म्हणतात. पुढे सचिव चालत होते. त्यांची छत्री बगलेत होती, सदऱ्याची गुंडी लावलेली होती, आणि ते एकदाही मागे वळून पाहत नव्हते. इतका ताठ माणूस मी त्यानंतर पाहिला नाही.

अर्ध्या वाटेवर मला वास आला. आधी तापलेल्या गोणपाटाचा. मग शेणाचा, आनसाबाईच्या घामाचा, माझ्या बोटांवरच्या कडुलिंबाच्या तेलाचा, आणि त्या सर्वांखालून, गोडसर, जड, मरणाचा. बहीण गेली तेव्हा मी हा वास घेतला नव्हता. माझ्या डोळ्यांतून पाणी येऊ लागले. आनसाबाईने पाहिले, काही विचारले नाही, आणि आयुष्यात प्रथम शिवीही दिली नाही.

खड्डा बुजवून आम्ही परतलो, तो कोपऱ्यात एक सावकाश, रवंथासारखा आवाज चालू होता. तज्ज्ञ संचालक दोर खात होते. नियमात न बसलेल्या त्या जनावराने बराचसा दोर संपवला होता. उरलेला तोंडातून मिशीसारखा लोंबत होता.

"अहो, माझा दोर!" बागाईतदार पुढे धावले.

सचिव वाटेत उभे राहिले. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला, आणि गाढवाकडे पुष्कळ वेळ पाहत राहिले. त्यांचे ओठ हलत होते. हसू होते की वडिलांशी बोलणे, सांगता येत नाही.

"तज्ज्ञ संचालकांनी विषय निकाली काढलाय," ते म्हणाले. "आता सभेला त्यात बदल करता येत न्हाई."

कंडक्टरांनी घंटेचा एकच टोला दिला.